न दिसणारं कातडं

गाडी घरी आणली त्याच दिवशी, घर अगदी हाकेच्या अंतरावर असताना, पुढच्या ट्रकच्या चाकाखालून एक खडा उडाला आणि गाडीच्या बॉनेटवर टण्‌कन वाजला. आवाज तो केवढा, रिकाम्या वाटीत चणा पडावा एवढा. पण भिंगरावांच्या काळजात तो असा रुतला की पुढचे तीन आठवडे तो तिथून निघाला नाही.

भिंगराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते फ्रीजच्या कारखान्यात होते. तिथे पट्ट्यावरून फ्रीजची दारं एकामागून एक सरकत येत. भिंगराव कमरेत वाकत, मान तिरकी करत, दाराला उजेडात वरून खाली न्याहाळत आणि केसाएवढी रेघ दिसली तरी खिशातला लाल खडू काढून तिच्याभोवती गोल काढत. गोल पडला की दार बाद. दुसऱ्याला जिथे आरसा दिसे तिथे त्यांना ओरखडा दिसे. म्हणून कारखान्याने त्यांना भिंग म्हटलं, सोसायटीने त्याला राव जोडलं, आणि आयुष्यभर वाकून वाकून पाठीला जो बाक आला तो त्यांनी स्वतःच पदरात पाडून घेतला.

अशा माणसाच्या नशिबी कधी चांगली वस्तू येऊ नये. पण कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी नवी गाडी घेतली, जुनी कर्मचाऱ्यांत चिठ्ठी टाकून स्वस्तात द्यायची ठरवली, आणि ज्या माणसाला सोडतीत कधी प्लास्टिकची बादली लागली नव्हती त्याच्या नावाची चिठ्ठी निघाली. जुनी म्हणायची ती साहेबांनी. तिचा रंग असा निळा, की दिवस मावळल्यावर विहिरीत डोकावावं. आत बसलं की दार मिटताना आवाज होत नसे, नुसता उसासा ऐकू येई.

ती घेतली मात्र आईसाठी, हे भिंगराव शपथेवर सांगत. आईचे गुडघे गेले होते. बसची पायरी तिच्यासाठी डोंगराएवढी झाली होती, रिक्षात तिला वाकता येत नव्हतं. या गाडीचं दार रुंद, बैठक खुर्चीएवढ्या उंचीची. आई पहिल्यांदा तिच्यात बसली तेव्हा कण्हली नाही. एवढ्यावरच सौदा पक्का झाला.

आणि आईला जायचं होतं एकाच ठिकाणी, धाकट्या बहिणीकडे. मावशी टेकडीवरच्या घरात एकटी राही. तिचा मुलगा तिला आता सातासमुद्रापार आपल्याकडे नेणार होता. घर विकलं गेलं होतं, महिनाअखेरच्या सोमवारी मावशी निघणार होती. फोनवर बोलायची सोय नव्हती, कारण एकीला ऐकू येत नसे आणि दुसरीला ओरडून बोललेलं खपत नसे. सोमवारच्या आत भेट झाली तर झाली. नाहीतर नाही.

मधे आडवा होता रस्ता. टेकडीखालपर्यंत डांबर, पुढे नुसती खडी. कंत्राटदाराने ती पसरली, तिच्यावर रोलर फिरवायचा म्हणून गेला, तो परत आलाच नाही.

"एका खड्याने ही गत," भिंगराव बॉनेटवर वाकून म्हणाले, "तिथे तर खड्यांचीच शेती आहे."

"कुठे काय झालंय? मला तर काही दिसत नाही," बायको म्हणाली.

"हे बघ. मोहरीएवढं. आतला पत्रा दिसतोय."

"नाही बाई दिसत."

"तुला दिसत नाही म्हणून तर आपला संसार झाला," भिंगराव म्हणाले. त्यावर बायको जे हसली ते त्यांना आवडलं नाही.

घर तळमजल्यावर होतं आणि आईची खिडकी बरोबर गाडी उभी राही तिथेच उघडत असे. आई गजांतून म्हणाली, "तीळ आहे रे तो. माझ्या बहिणीच्या हनुवटीवर नाही का? थोरली मी, पण त्या तिळावरून आधी तिला पसंत केलं. असू दे गाडीलाही एक. केव्हा जायचं?"

"जायचंय आई. आधी जरा तिचा बंदोबस्त करू."

बंदोबस्त हा शब्द असा आहे की तो घरात आला की आधी माणसांचा बंदोबस्त होतो. पहिल्याच सकाळी भिंगरावांनी घरातल्या दोन गोधड्या बॉनेटवर पसरून दोरीने बांधल्या. गाडी ताप भरलेल्या रोग्यासारखी दिसू लागली. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर दवाखान्यात निघाले होते, ते थबकले.

"भिंगराव, काय करताय हे! गोधडीतली धूळ म्हणजे साधी धूळ नव्हे. ती रंगावर घासते. रोज घासते. तुम्ही जीभ फिरवता तसं."

"मी कुठे फिरवतो जीभ?"

"उदाहरण दिलं हो. एनॅमल, भिंगराव, एनॅमल! दाताचं गेलं की गेलं, गाडीचंही गेलं की गेलं. फिल्म लावून घ्या. पारदर्शक असते. आमच्या सासऱ्यांनी लावलीय."

"फरक पडला?"

"गाडीला पडला. सासऱ्यांना नाही."

गोधड्या सुटल्या. गाडी जागची हलेना. भिंगराव कारखान्यात पूर्वीसारखेच बसने जाऊ लागले, उभ्याने, दांडीला लोंबकळत, आणि बसच्या चाकांखालून उडणारे खडे दुसऱ्यांच्या गाड्यांवर वाजताना ऐकून त्यांचा जीव वरखाली होई. संध्याकाळी थकून आले की चहा घ्यायच्या आधी गाडीभोवती एक फेरी. आई खिडकीत बसलेली असे. दळणाकांडणाच्या वयापासून तिला एक खोड होती, मनात काही साचलं की ती त्याला चाल लावी. भिंत ऐको की पाखरू.

"निळी गाडी दारी उभी, जशी पाहुणी नवी,
 तिला उन्हाचं कौतुक, मला बहीण हवी."

"ऐकलंत?" बायको आतून म्हणे.

"ऐकलं," भिंगराव म्हणत. "यमक चांगलं जुळलंय."

फिल्मवाल्याकडे ते पहिल्यांदा गेले तेव्हा दुकानासमोरचा रस्ता खणलेला होता. एका खात्याने पाइप टाकला होता, दुसऱ्या खात्याने तो चुकीचा म्हणून उकरला होता, आता तिसरं खातं ही माती कोणाची याचा विचार करत होतं. दुकानात जाण्यासाठी एक फळी टाकलेली. फळीच्या पलीकडे फिल्मवाला हात जोडून उभा. बोलण्यात असा लाघवी, की दगडाने त्याचं ऐकून उडायचं सोडावं.

"साहेब, हे कातडं आहे. गाडीचं दुसरं कातडं. खडा आला, आपटला, निघून गेला, आतल्या रंगाला पत्ताच नाही. आणि वरून ओरखडा पडला ना, तर उन्हात ठेवायची. आपोआप भरून येतो."

"आपोआप?"

"मायेने भरून यावा तसा."

"आणि दिसत नाही?"

"दिसली तर माझी मजुरी देऊ नका."

भिंगरावांना हे पटलं. पुढे हेच वाक्य त्यांच्या बोकांडी बसणार होतं, पण त्या वेळी ते त्यांना मधासारखं गोड लागलं. सगळ्या गाडीला फिल्म लावणं आवाक्याबाहेरचं होतं. पुढचा भाग तेवढा करायचं ठरलं. बॉनेट, बंपर, आरसे आणि पुढच्या दोन्ही चाकांवरचे पत्रे. "मागून कोण दगड मारतंय आपल्याला?" बायको म्हणाली, आणि तेवढ्यावर मागचा भाग दैवाच्या हवाली झाला.

"पण इथे काम जमणार नाही," फिल्मवाला खणलेल्या मातीकडे बघत म्हणाला. "धुळीचा एक कण आत गेला की फोड उठतो. तुमच्याकडे बंद जागा आहे का? मोठं दार, फरशी, पाणी. मी कारागीर घेऊन येतो."

बंद जागा होती. सोसायटीचं सभागृह. दोन फळ्यांचं मोठं दार, धुतलेली फरशी, कोपऱ्यात टेबलटेनिसचं टेबल. आणि त्या दाराची किल्ली होती पोटकलमांकडे.

पोटकलम हे सोसायटीचे सेक्रेटरी. कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झाले होते, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. आपल्या घरी जेवायला बसतानाही ते आधी घसा खाकरत.

"सभागृहात वाहन नेता येत नाही," ते म्हणाले.

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे हो."

"वाहन नेता येत नाही. वस्तू नेता येते. प्रदर्शनासाठी."

"गाडी ही वस्तू आहे?"

"चालू असेल तर वाहन. इंजिन बंद असेल तर वस्तू."

"म्हणजे ढकलत न्यायची?"

"मी असं म्हटलेलं नाही. मी फक्त नियम सांगितला. शनिवारी मोकळं आहे. मुदत संध्याकाळी आठपर्यंत, कारण रविवारी टेबलटेनिसचे सामने. आठनंतर वस्तू राहिली तर ती बेवारस समजण्यात येईल." मग घसा खाकरून, "आणि प्रदर्शन म्हटलं की ते सर्व सभासदांना खुलं ठेवावं लागतं. त्याला पोटकलम आहे."

शनिवारी फिल्म, रविवारी मावशीकडे, सोमवारी मावशी जाणार. भिंगरावांनी हिशेब जुळवला आणि आईला खिडकीतून सांगितलं. "रविवारी जायचं. नक्की."

त्या संध्याकाळी आईने सुनेकडून वेणी घालून घेतली, रविवार अजून चार दिवस लांब असताना.

शनिवारी सकाळी निळी गाडी वस्तू झाली. पायऱ्यांवर फळ्या टाकल्या होत्या. सोसायटीतले सात-आठ पुरुष, ज्यांना बायका एरवी गॅसची टाकी हलवायला सांगून थकल्या होत्या, ते हौसेने बाह्या सरसावून आले. भिंगराव आत बसून चाक वळवत होते आणि खिडकीतून डोकं काढून ओरडत होते, "अंगठ्या काढा! घड्याळं काढा! तळहात लावा, बोटं नको!"

"माणूस ढकलतोय की गाडी?" कोणीतरी म्हणालं.

"माणूस असता तर एवढा जपला नसता," दातांचे डॉक्टर घाम पुसत म्हणाले.

आईची खिडकी बाजूलाच होती.

एकदाची गाडी आत गेली. फिल्मवाल्याने दोन कारागिरांना कामाला लावलं. साबणाच्या पाण्याचा फवारा, त्यावर फिल्म, ती ताणायची, रबराच्या पट्टीने खालचं पाणी हळूहळू कडेला सारायचं. पंखे बंद, कारण वाऱ्याने धूळ उडते. खिडक्या बंद. सभागृहात अशी शांतता, की जणू आत कोणाचं बाळंतपण चाललंय. भिंगराव हात मागे बांधून बाहेर वाट बघणाऱ्या बापासारखे येरझारा घालत होते, फरक इतकाच की ते आत होते आणि सारखे मधे येत होते.

बॉनेट झालं. बंपर झाला. आरसे झाले. डावा पत्रा झाला. भिंगराव वाकले, तिरके झाले, उजेडात न्याहाळलं. तो जुना मोहरीएवढा टवका सोडला तर काही दिसेना. इतकं चोख, की लावलंय की नाही हेच कळेना. त्यांचे डोळे पाणावले.

आणि पोटकलमांनी दार उघडलं.

"प्रदर्शन खुलं झालं आहे," ते बाहेरच्यांना म्हणाले.

लोक आले. चपला घालून आले, मग चपला काढा म्हटल्यावर पायांवरच्या मातीसकट आले. "पंखा लावा हो, जीव गुदमरतोय." "पंखा नको!" "मग कसलं प्रदर्शन?" "इथे बघायचं काय आहे?" "गाडी." "ती तर रोज बघतो." "फिल्म लावतायत." "कुठाय?" आणि या सगळ्यांच्या पायांतून, आपणही सभासद आहोत अशा थाटात, जिन्यातली मांजर आत आली. उजव्या चाकावरचा पत्रा नुकताच ओला केला होता. मांजरीने चाकाला अंग घासलं, पाण्याचा थेंब लागताच दचकून अंग झाडलं आणि निघून गेली. कारागिराने फिल्म पसरली, पट्टी फिरवली.

भिंगराव वाकले.

फिल्मखाली एक केस होता. मांजरीचा, पांढरा, पापणीएवढा. फिल्मवाल्याला दिसला नाही, कारागिराला नाही, जमलेल्या कोणालाही नाही. फिल्मची कड अजून चिकटायची होती. कारागीर चिमटा आणायला वळला. पट्टीने ती कड जरा उचलायची, केस ओढायचा, संपलं.

पण आयुष्यभराची सवय माणसाला विचारून हात उचलत नाही. भिंगरावांचा हात खिशात गेला, लाल खडू बाहेर आला, आणि त्यांनी त्या केसाभोवती एक सुबक, गोल, लाल वर्तुळ काढलं.

"साहेब!" फिल्मवाला किंचाळला.

खडूची भुकटी ओल्या पत्र्यावरून ओघळली आणि पाण्याबरोबर फिल्मच्या सुट्या कडेखाली शिरली. कारागिराने ती बाहेर सारायला पट्टी फिरवली तशी ती आणखी आत पसरली. निळ्या रंगावर पहाटेसारखी एक लाली उमटली. दिसायला सुंदर होती. पण फिल्म तशीच ठेवली तर ती जन्मभर तिथेच राहणार होती.

"काय केलंत हो तुम्ही?"

"बाद," भिंगराव नकळत म्हणाले. "म्हणजे, मी खूण केली."

फिल्म सोलून काढावी लागली. त्या पत्र्याच्या मापाचा दुसरा तुकडा नव्हता. "मंगळवारी येईल," फिल्मवाला म्हणाला. "तोवर हा पत्रा उघडा राहील. आणि एक सांगतो, बाकीच्या कडाही अजून ओल्या आहेत. तीन-चार दिवस खडबडीत रस्त्यावर नेऊ नका. कडा सुटतील, मग मला बोलू नका."

भिंगराव चहाला घरी आले. आईने नवी साडी काढून उशाशी ठेवली होती. पिशवीत मावशीसाठी काहीबाही भरलं होतं, शाल, औषधाचा मलम, जुना फोटो. भिंगराव खुर्चीत बसले, उठले, परत बसले.

"आई, मंगळवारी उजवा पत्रा होणार आहे. मग कडा वाळायला... म्हणजे पुढच्या आठवड्यात."

"सोमवारी जातेय ना ती?"

"मी तिच्या मुलाशी बोलून बघतो. तिकीट पुढे ढकलता आलं तर..."

बायकोने भांडं जरा जोरात ठेवलं. आई मात्र शांत होती. तिने हात पुढे केला. "खडू आहे का रे खिशात?"

"का गं?"

"दे."

तिने साडी जराशी सारली आणि सुजलेल्या उजव्या गुडघ्यावर एक गोल काढला. मग डाव्या गुडघ्यावर. नीट, सावकाश, गिचमीड होऊ न देता. आणि खडू परत त्यांच्या हातात ठेवला.

"घे. झालं. आता मी पण बाद. ठेव गाडीशेजारी उभी करून."

भिंगरावांनी चहा घेतला नाही. ते सभागृहात परतले ते कसे, हे त्यांना पुढेही आठवलं नाही. थकवा असा असतो की माणूस जिथे जायचं नसतं तिथेच पायांनी पोचतो.

सभागृहात आता चांगली वीस-पंचवीस माणसं होती आणि फिल्म या विषयावर जोरदार चर्चा चालली होती.

"मी म्हणतो, लावलेलीच नाही," वरच्या मजल्यावरचे कोणी म्हणत होते. "दिसतेय का कोणाला?"

"न दिसणं हाच तिचा गुण आहे," फिल्मवाला म्हणाला.

"मग मीही उद्या न दिसणारी साडी विकायला काढते," एक काकू म्हणाल्या. हशा झाला.

"भिंगराव, राग मानू नका," दातांचे डॉक्टर म्हणाले, "पण दाताला कॅप बसवली तर जिभेला कळते. इथे तर काहीच कळत नाही. सासऱ्यांनाही मी तेव्हाच म्हटलं होतं."

"तुम्हीच तर म्हणालात लावा म्हणून!"

"मी म्हटलं लावा. फसा नाही म्हटलं."

पोटकलमांनी घसा खाकरला. "प्रदर्शनात जी वस्तू नाही ती दाखवणं, हे नियमात बसतं का ते बघावं लागेल."

आता भिंगरावांची कानशिलं तापली. दिवसभर त्यांना कोणी काही बोललं असतं तर चाललं असतं. त्यांनी कमी झोप, जास्त चहा, बायकोचं मौन, सगळं गिळलं होतं. पण ज्या डोळ्यांवर त्यांचं पोट चाललं त्या डोळ्यांवर लोक हसत होते. आणि त्या डोळ्यांसमोर, कितीही मिटले तरी, दोन लाल वर्तुळं फिरत होती.

"फसलो? मी फसलो? इकडे या! सगळे या! बघा!" त्यांनी खिशातून घराची किल्ली काढली. "हा खडा समजा. हा ट्रकखालून आलेला दगड समजा. बघा काय होतंय ते!"

"साहेब," फिल्मवाला पुढे आला, "तो..."

पण भिंगरावांनी जवळ होता तो पत्रा धरला आणि सगळं बळ एकवटून त्याच्यावरून किल्ली ओढली.

तो उजवा पत्रा होता.

कर्र असा लांब आवाज झाला. तो सभागृहभर गेला आणि भिंतींवर आपटून परत आला. निळ्या रंगात एक पांढरी रेघ उभी राहिली. वीतभर लांब, चांगली सरळ. आता ती सगळ्यांना दिसत होती. बायकोलासुद्धा दिसली असती.

"उन्हात ठेवा," बऱ्याच वेळाने कोणीतरी हळूच म्हणालं. "भरून येतं म्हणतात."

"तिथे फिल्म नाही," फिल्मवाला म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच लाघव नव्हतं.

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. हसू होतं की दुःख, ते कळलं नाही. दातांच्या डॉक्टरांनी भिंगरावांच्या खांद्यावर हात ठेवला, जसा ते दाढ काढून झाल्यावर ठेवत असावेत. पोटकलमांनी घड्याळ पाहिलं. पण त्यांचाही घसा खाकरायचा राहून गेला.

भिंगराव त्या रेघेसमोर वाकले नाहीत. वाकायची गरजच नव्हती. ते तिथेच उभे राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं, की तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांच्या पाठीला कळ येत नाहीये.

मुदत संपायच्या आत गाडी बाहेर काढली. मघाचेच पुरुष आले, या वेळी न सांगता अंगठ्या काढून. भिंगराव म्हणाले, "राहू द्या हो. लावा बोटं. काही होत नाही."

रविवारी सकाळी आई खिडकीत बसली होती. नवी साडी उशाशी तशीच. भिंगरावांनी गाडीचं दार उघडून ठेवलं आणि ते घरात तिच्यापाशी आले.

"आई, चल."

"कुठे?"

"खडीच्या रस्त्याने."

आईने त्यांच्याकडे पाहिलं, मग गाडीच्या उजव्या पत्र्याकडे पाहिलं. आपल्या लेकाच्या चेहऱ्यावर काय झालंय हे तिला रेघेवरून कळलं असावं. "उन्हात बरं होतं म्हणे ते?"

"दुसऱ्यांचं होतं. आपलं नाही."

"माझे गुडघे तरी कुठे झाले? रोज बसते उन्हात." तिने हात पुढे केला. "उठव मला."

टेकडीखाली डांबर संपलं. भिंगरावांनी गाडी थांबवली, एक दीर्घ श्वास घेतला आणि पहिला गिअर टाकला. खडा वाजला. मग दुसरा. मग खडेच खडे, खालून, बाजूने, पुढून, जशी पत्र्यावर सर कोसळावी. पहिल्यापहिल्यांदा भिंगराव प्रत्येक आवाजाला खांदे आवळत होते. मग त्यांनी सोडून दिलं. किती खांदे आवळणार? माणसाला दोनच असतात. बायको पुढच्या सीटवर होती आणि मागून आई गुणगुणत होती,

"वाटेनं गोंदली गाडी, कुणी डाग म्हणू नका,
 बहिणीच्या दाराला जाते, माझा जीव मागू नका."

मावशीच्या घराला पायऱ्या होत्या, दगडी, उंच. आईला त्या चढणं शक्य नव्हतं, हे तिथे पोचेपर्यंत कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. तीन आठवडे सगळ्यांनी गाडीचा विचार केला होता, पायऱ्यांचा नाही. भिंगराव कपाळाला हात लावून उभे राहिले.

"मी येते खाली," वरून मावशी म्हणाली.

ती काठी टेकत टेकत उतरली, दर पायरीवर थांबत. लहानखुरी, वाळलेली, हनुवटीवर तीळ. भिंगरावांनी मागचं दार उघडलं. मावशीने काठी बॉनेटला टेकवली आणि आत शिरली. दाराने उसासा टाकला. खिडकीच्या काचेआड दोन म्हाताऱ्या एकमेकींच्या गुडघ्यांवर हात ठेवून बसल्या. काय बोलत होत्या ते बाहेर ऐकू येत नव्हतं. एकीला ऐकू येत नव्हतं आणि दुसरी ओरडत होती, एवढं दिसत होतं.

भिंगराव आणि बायको पायरीवर बसले. बराच वेळ बसले.

आत कोणीतरी हसलं आणि गाडी हलकीशी डुलली. बॉनेटला टेकवलेली काठी घसरली. तिच्या टोकाला लोखंडी टोपी होती. ती बॉनेटवरून खर्र करत बंपरपर्यंत गेली आणि खडीवर पडली.

बायकोने श्वास रोखून नवऱ्याकडे पाहिलं. काचेआडून आईनेही पाहिलं.

भिंगराव उठले, गाडीपाशी गेले. तिथे फिल्म होती. तिने आपलं काम केलं की नाही, ओरखडा कातड्यालाच पडला की आत गेला, हे कळायला फक्त वाकायचं होतं, मान जरा तिरकी करायची होती.

त्यांनी वाकून काठी उचलली. धूळ झटकली. आणि ती परत बॉनेटला टेकवली, बरोबर त्याच जागी, पण या वेळी जरा तिरकी, नीट रोवून, घसरणार नाही अशी.

मग ते पायरीवर जाऊन बसले.